दलदलीने जपलेला शिशाचा हिशेब



आरोग्याच्या या पानावर आपण रक्तक्षय, बाळंतपण, क्षयरोग, साखर यांविषयी नेहमी बोलतो. या वेळचा विषय वरवर लांबचा वाटेल, पण तो आपल्या लेकरांच्या रक्तापर्यंत येऊन पोचतो. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या आणि वितळवण्याच्या धुराविषयी मी वस्त्यांमध्ये बोलते, तेव्हा कुणीतरी हमखास विचारते, “ताई, शिसे तर जमिनीतलेच ना? मग हवेत थोडेफार आधीपासून असणारच. ते माणसाने वाढवले हे कुणी मोजून ठेवले आहे?”

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या शिसे उद्योगाने हाच मुद्दा कित्येक वर्षे पुढे केला. रॉबर्ट केहो नावाचे डॉक्टर त्या उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार होते. शिसे सगळ्यांच्याच शरीरात निसर्गतः असते, शरीर ते बाहेर टाकते, ठराविक मर्यादेच्या आत असेल तर घाबरायचे कारण नाही, असे ते सांगत आणि सरकारही ते मानत असे. “हे पूर्वीपासून असेच चालत आले आहे” हे वाक्य आपल्या समाजाला काही नवे नाही. असे कुणी म्हटले की पूर्वी खरोखर काय होते ते शोधून काढावे लागते. शिशाच्या बाबतीत हा शोध दोन ठिकाणी लागला: ध्रुवाकडच्या बर्फात आणि थंड मुलखातल्या दलदलीत.

दलदल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चिखल येतो. ही दलदल वेगळी. आयर्लंड, स्कॉटलंड, स्वित्झर्लंड, रशिया, कॅनडा अशा थंड आणि ओल्या प्रदेशांत स्फॅग्नम नावाचे एक शेवाळ वाढते. ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आंबट करते. खालचा भाग मरतो, वरचा वाढत राहतो. आंबट, गार आणि हवा न शिरणाऱ्या पाण्यात मेलेले शेवाळ नीट कुजतच नाही. ते दाबले जाऊन तपकिरी, भुसभुशीत थर बनतो. त्याला पीट म्हणतात. तिकडचे गरीब लोक पीटचे तुकडे कापून वाळवतात आणि आपण गोवऱ्या जाळतो तसे चुलीत जाळतात. पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर चढतो, म्हणजे एक मीटर पीट झाला की हजार वर्षे झाली असे ढोबळमानाने समजावे. त्यात वस्तू किती टिकतात याचे एक उदाहरण सांगते. १९५० साली डेन्मार्कमध्ये पीट कापणाऱ्यांना एका माणसाचे प्रेत सापडले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि दाढीचे खुंट इतके स्पष्ट होते की ताजा खून समजून त्यांनी पोलिसांना बोलावले. तो माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिथे पडून होता.

आता मुख्य गोष्ट. काही जुन्या दलदली वाढत वाढत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच होतात, मधोमध फुगलेल्या भाकरीसारख्या. एवढी उंची आली की नदी-ओढ्याचे किंवा झऱ्याचे पाणी त्यांच्यात चढू शकत नाही. वरच्या शेवाळाला जे काही मिळते ते फक्त आकाशातून: पाऊस, बर्फ आणि हवेतली धूळ. त्यामुळे अशा दलदलीच्या थरात धातू सापडला, तर तो हवेतूनच आला असे ठामपणे म्हणता येते. धरणाच्या गाळाबद्दल हे म्हणता येत नाही. आपल्या हरणबारी धरणात दर पावसाळ्यात मोसम नदी गाळ आणते. त्यातही थर असतात, पण त्यात डोंगराची माती, शेतातले खत, गावाचे सांडपाणी सगळे मिसळलेले असते. हवेतून आले किती आणि पाण्यातून आले किती, हे वेगळे काढणे फार अवघड.

बागलाणात अशी दलदल का नाही, असेही कुणी विचारील. साल्हेर-मुल्हेरच्या कड्यांवर पावसाळ्यात हिरवे शेवाळ येते खरे, पण उन्हाळ्यात ते करपून जाते. आपल्या उष्ण हवेत मेलेला पाला एक-दोन वर्षांत मातीत मिसळतो. भारतात पीटचे चांगले साठे दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावर, उटीजवळ आहेत. तिथल्या पीटवरून रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली गेल्या वीस हजार वर्षांतल्या हवामानाचा इतिहास मांडला होता. तो अभ्यास पावसाचा आणि गवताचा होता, धातूंचा नव्हता. धातूंचा सर्वात प्रसिद्ध हिशेब स्वित्झर्लंडमधला आहे.

तो वाचतात कसा, ते समजून घेऊ. दलदलीत लांब पोकळ नळी उभी दाबून पीटचा अखंड दांडा बाहेर काढतात. त्याच्या एक-दोन सेंटीमीटरच्या चकत्या करतात. सुरीचा धातू नमुन्यात उतरू नये म्हणून फार जपावे लागते. शस्त्रक्रियेच्या खोलीत आम्ही जसे हातमोजे आणि निर्जंतुक ताटल्या वापरतो, तशीच शिस्त. मग प्रत्येक चकतीचे वय काढायचे. जुन्या थरांसाठी कार्बन-१४ वापरतात. जिवंत झाडाच्या अंगात तो ठराविक प्रमाणात असतो आणि झाड मेल्यावर सुमारे ५७३० वर्षांत निम्मा होतो. अलीकडच्या शे-दीडशे वर्षांसाठी शिशाचाच एक किरणोत्सारी भाऊ कामी येतो, शिसे-२१०. तो २२ वर्षांत निम्मा होतो. त्यावरून अमुक थर १९४० च्या आसपासचा, तमुक १९८० चा, असे सांगता येते. सगळ्या धातूंना ही पद्धत लागू पडत नाही. लोखंड आणि मँगनीज पाण्याबरोबर थरांतून वरखाली सरकतात, त्यामुळे त्यांची साक्ष कच्ची. शिसे मात्र जिथे पडते तिथेच पीटला चिकटून बसते.

तरीही शंका राहते: हे शिसे साध्या धुळीतले कशावरून नाही? मातीत शिसे असतेच, वारा ती माती उडवणारच. यावर उपाय सोपा आहे. मातीच्या धुळीत शिशाबरोबर स्कँडियम नावाचे एक मूलद्रव्यही असते आणि दोघांचे प्रमाण साधारण ठरलेले असते. खिचडीत वाटीभर डाळीला दोन वाट्या तांदूळ घालतो तसे समजा. खिचडी जास्त केली तर डाळ आणि तांदूळ दोन्ही वाढतील. पण तांदूळ तेवढेच राहिले आणि डाळच तिप्पट झाली, तर कुणीतरी वरून डाळ टाकली हे स्वयंपाक करणारी बाई लगेच ओळखते. पीटमध्ये स्कँडियम तेवढेच राहून शिसे वाढले, तर ते खाणीतून किंवा भट्टीतून आले. शिवाय प्रत्येक खाणीच्या शिशाला स्वतःचा ठसा असतो. शिशाचे अणू हलके-जड अशा चार प्रकारचे असतात आणि त्यांचे आपसातले प्रमाण खाणीगणिक बदलते. त्यामुळे एखाद्या थरातले शिसे जवळच्या जमिनीतले की दूरच्या खाणीतले, हेही कळते. युरोपात पेट्रोलमध्ये मिसळलेले बरेच शिसे ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथल्या खाणीचे होते. तिचा ठसा इतका वेगळा की युरोपातल्या दलदलींच्या वरच्या थरांत तो ओळखू येतो.

स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात एतां द ला ग्रुयेर नावाची दलदल आहे. विल्यम शॉटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा हिशेब १९९८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. सुमारे साडेचौदा हजार वर्षांचा सलग हिशेब. शेती आणि खाणी येण्याआधीच्या काळात तिथे दर चौरस मीटरवर वर्षाला ०.०१ मिलिग्रॅम शिसे पडत होते. निसर्गाचा वाटा एवढाच. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी जंगले तोडून शेती सुरू झाली, धूळ वाढली आणि तिच्याबरोबर शिसेही थोडे वाढले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपासून मात्र खिचडीत डाळ वाढू लागली. खाणी आणि भट्ट्या आल्या होत्या. तिथून पुढे हवेतल्या शिशात माणसाचाच वाटा मोठा राहिला. सर्वात वरचा आकडा १९७९ सालचा: चौरस मीटरला १५.७ मिलिग्रॅम. नैसर्गिक पातळीच्या १५७० पट.

हा आकडा मी प्रत्येक कार्यक्रमात सांगते. पंधराशे सत्तर पट. “थोडेफार आधीपासून असणारच” याचे उत्तर त्यात आहे.

मधल्या काळाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ग्रीक आणि रोमन लोक चांदीसाठी शिशाचे खनिज भाजत, कारण चांदी बऱ्याचदा त्याच खनिजात दडलेली असते. त्या भट्ट्यांचा धूर पार ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत पोचला. तिथल्या त्या काळच्या थरांत शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे चौपट आहे. हा इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचा काळ. याच काळात आपल्याकडे सम्राट अशोकाचे शिलालेख कोरले गेले आणि नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत भिक्खूंसाठी विहार खोदले गेले. त्या लेण्यांना दान देणाऱ्या सातवाहन राजांची कितीतरी नाणी शिशाचीच आहेत. लेणी पाहायला गेलात तर मुलांना हे जरूर सांगा. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथल्या शिसे-जस्ताच्या खाणीही दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. तेव्हा हा धूर एकट्या रोमचा होता असे समजू नये. फक्त युरोपाकडे तो टिपून ठेवणारी दलदल जवळ होती.

आणखी एक नोंद दलदलीतली नव्हे, आल्प्स पर्वतातल्या बर्फातली आहे. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगची महामारी आली. माणसे इतकी मेली की खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या. १३४९ ते १३५३ या चार-पाच वर्षांत तिथल्या बर्फात शिसे जवळपास शून्यावर आले आणि पुन्हा कामे सुरू झाल्यावर वाढले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या आधीच्या आणि नंतरच्या शतकांतली हवा लोक स्वच्छ समजत होते, ती स्वच्छ नव्हती.

विसाव्या शतकात भट्टीची जागा मोटारीने घेतली. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याने शोधले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले तर इंजिन खडखडत नाही. १९२३ मध्ये ते विक्रीला आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. वर्तमानपत्रांत ओरड झाली, काही महिने विक्री थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. मेले ते मजूर होते. पुढची पन्नास वर्षे जगभरातल्या मोटारी रस्त्यावर शिसे ओकत राहिल्या. दलदलींच्या वरच्या थरांत ही वाढ स्पष्ट दिसते.

क्लेअर पॅटरसन हे भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय मोजायला निघाले होते. शिशाचे अणू मोजता मोजता त्यांच्या ध्यानात आले की प्रयोगशाळेत, धुळीत, केसांत, सगळीकडे शिसे भरले आहे. १९६५ साली त्यांनी उघड लिहिले की आजच्या माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक नाही. उद्योगाकडून मिळणारा पैसा बंद झाला, काही समित्यांतून त्यांना वगळले गेले. पण बर्फाचे थर त्यांच्या बाजूने होते आणि पुढे दलदलींचे थरही त्याच बाजूने उभे राहिले. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेने पेट्रोलमधले शिसे कमी करायला सुरुवात केली. युरोप मागून आला. ग्रुयेरच्या दलदलीत १९७९ नंतरचे थर उतरता आकडा दाखवतात. पेट्रोलमधले शिसे सर्वात शेवटी अल्जीरियाने बंद केले, २०२१ साली.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांच्या याचिकांनी वाहनांच्या धुराचा प्रश्न लावून धरला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकायचे ठरले. परिणाम मुंबईच्या मुलांच्या रक्तात दिसला. १९९७ च्या पाहणीत तपासलेल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १०० मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे होते. पेट्रोल बदलल्यावर काही वर्षांतच झालेल्या दुसऱ्या पाहणीत असे मूल साधारण तिघांत एक उरले. औषधाची एक गोळी न देता हे घडले. पण तिघांत एक हे प्रमाणही काही थोडे नव्हे.

महाराष्ट्रात अशा दलदली नसल्या तरी थर वाचण्याचे काम झाले आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कल्याण-ठाण्याकडच्या उल्हास खाडीच्या चिखलात नळ्या घालून पारा मोजला. खोल थरांत पारा नैसर्गिक प्रमाणात, वरच्या थरांत त्याच्या कितीतरी पट. कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा तो ठसा होता. हे पाण्यातून आलेले विष. हवेतून आलेल्या पाऱ्याचे देशातले ठळक उदाहरण तमिळनाडूतल्या कोडाईकनालचे. तिथे हिंदुस्थान लिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यात पारा वापरला जात असे. लोकांनी आणि माजी कामगारांनी आवाज उठवल्यावर २००१ साली तो बंद झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेने कारखान्याभोवतीच्या झाडांवरचे शेवाळ आणि दगडफूल तपासले. दूरच्या जंगलातल्या नमुन्यांपेक्षा त्यात पारा कित्येक पट निघाला. दलदलीचे शेवाळ हजारो वर्षांचे सांगते, झाडावरचे शेवाळ काही वर्षांचेच सांगते, पण दोघांची साक्ष एकाच जातीची.

आता आपल्या दारात येऊ. पेट्रोल संपले, शिसे संपले नाही. आज जगात निघणाऱ्या शिशाचा फार मोठा भाग बॅटऱ्यांत जातो: ट्रॅक्टर, रिक्षा, जीप, इन्व्हर्टर. बॅटरी मेली की ती भंगारात येते. शिसे अवघ्या ३२७ अंशांवर वितळते. त्याला मोठा कारखाना लागत नाही, कढई आणि कोळसा पुरतो. म्हणून हा धंदा पत्र्याच्या शेडमध्ये, ओढ्याकाठी, वस्तीच्या टोकाला चालतो. भंगार, राख, गटार ही कामे कुणाच्या वाट्याला आली आणि अशा शेडना जागा कुणाच्या शेजारी मिळते, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी काढलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतातली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

माणसाचे शरीरही दलदलीसारखेच शिसे साठवते. शिसे शरीराला कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत आणि दातांत जाऊन बसते आणि तिथे वीस-तीस वर्षे राहते. फरक इतकाच की दलदल साठवलेले सोडत नाही, हाड सोडते. बाई गरोदर असते, अंगावर पाजत असते, तेव्हा बाळासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघते आणि त्याच्याबरोबर तिच्या लहानपणीचे शिसेही निघते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट वाटा लहान मूल शोषून घेते. ज्या मुलाला लोह आणि कॅल्शियम कमी मिळते ते आणखी जास्त शोषते. म्हणजे जे आधीच अर्धपोटी, त्यालाच जास्त विष.

आणि ते जाते कुठे? मेंदूत. लक्ष लागत नाही, पाठ राहत नाही, चिडचिड होते. गुरुजी म्हणतात मठ्ठ आहे, आई म्हणते खोडकर आहे. पोटात कळ येते, शौचास होत नाही, रक्त कमी होते. यातले एकही लक्षण शिशाचेच असे ओरडून सांगत नाही. मी नर्स म्हणून काम करायचे तेव्हाची एक गोष्ट आठवते. सहा-सात वर्षांचा एक मुलगा पोटदुखीसाठी तीन वेळा आला, तिन्ही वेळा जंताचे औषध घेऊन गेला. बाप घराच्या मागच्या पडवीत बॅटऱ्या फोडत होता. केसपेपरवर बापाचा धंदा लिहायला रकानाच नव्हता. एक-एक घास वाचवून पोराला शाळेत घालायचे आणि त्याचे डोके घरच्या अंगणातच बोथट व्हायचे, यापेक्षा मोठा तोटा आपल्या समाजाचा कोणता असेल?

घरी करता येण्यासारखे बरेच आहे. बॅटरी घरात, अंगणात, मुलांजवळ कधीच फोडू नका, वितळवू नका. असे काम करणाऱ्या माणसाने घरात शिरण्याआधी कपडे बदलावेत, हातपाय आणि डोके धुवावे. ते कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. कोरडा झाडू मारला की धूळ उडून पुन्हा ताटात बसते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. खाण्याआधी मुलांचे हात साबणाने धुवा, नखे कापा. घराला रंग द्यायचा असेल तर डब्यावर पाहा: २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमहून जास्त असता कामा नये. जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा. पितळी भांड्याला कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या, स्वस्त कल्हईत शिसे मिसळलेले असू शकते. फार चकचकीत पिवळी सुटी हळद घेऊ नका, अख्खी हळकुंडे आणून दळा. डोळ्यांत सुरमा घालू नका. आणि वैदूकडून भस्माच्या पुड्या आणणाऱ्यांना माझे एकच सांगणे: नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म.

ताटात नाचणी, हरभरा, डाळी, पालेभाजी, शेवग्याचा पाला असू द्या, वर लिंबू पिळा. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या गरोदर बायांनी टाळू नयेत. यामुळे आत गेलेले शिसे बाहेर निघत नाही, पण नवे कमी शोषले जाते.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या आणि पावती घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच जायला हवी. वस्तीजवळ उघड्यावर शिसे वितळवले जात असेल तर एकट्याने भांडायला जाऊ नका. मंडळाच्या नावाने, सह्या घेऊन, ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाला लेखी अर्ज द्या. पोचेची प्रत जपून ठेवा. जो माणूस तिथे पोटासाठी काम करतो त्याला शत्रू समजू नका, पहिली तपासणी त्याच्याच मुलांची करायला हवी.

तपासणीसाठी हाताच्या शिरेतले रक्त लागते. साध्या रक्त तपासणीत शिसे कळत नाही, “रक्तातले शिसे” अशी वेगळी तपासणी सांगावी लागते. तालुक्याला ती बहुधा होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. अहवालात ५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे. लहान मुलात ४५ च्या पुढे असेल तर दवाखान्यात दाखल करून शिसे बाहेर काढणारे औषध देतात. ते दुकानातून आणून घरी द्यायचे औषध नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी विचारो न विचारो, घरात कोण काय काम करते, ते काम कुठे होते आणि शेजारी कसली भट्टी आहे, हे आधी सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा.